पवई, बीकेसी, गोरेगाव, नरिमन पॉइंट : मुंबईत हॉल गाठताना

बुधवार : सांगली ते ठाणे

मुंबईतल्या परिषदेचं निमंत्रण आलं की त्यात हॉलचं नाव असतं, पिनकोड असतो, विमानतळापासूनचं अंतर असतं, जवळच्या हॉटेलांची यादीही असते. हॉल कुठल्या लाइनवर आहे हे मात्र कुणी लिहीत नाही. मुंबईचा माणूस आधी तेवढंच विचारतो. वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर? आता त्यात आणखी एक भर पडली आहे : मेट्रो कुठली?

या खेपेला माझी कामं चार टोकांना होती. गुरुवारी पवईला आयआयटीत पाणी तपासणीची कार्यशाळा, शुक्रवारी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, परिषद, शनिवारी गोरेगावला नेस्कोत पंप आणि व्हॉल्व्हचं प्रदर्शन, रविवारी नरिमन पॉइंटला यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये व्याख्यान. आयोजक वेगवेगळे, तारखा लागून आल्या म्हणून एकाच रजेत सगळं बसवलं. नोव्हेंबर २०२५. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू होऊन महिनाभर झाला होता आणि मला तिच्यात बसायचंच होतं.

सोबत सर होते. सरांनी मला कॉलेजात पाणीपुरवठा शिकवला. निवृत्त झाले तरी नवा पंप बघितल्याशिवाय त्यांना करमत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं : "घरची गाडी असताना लोकलीत चेंगरायचं कशाला? ती पंखे नसलेली मुंबई मी बघितलीय." मुक्काम मात्र वेगळे पडले. सरांची बहीण वाशीला, माझी मावशी ठाण्याला. त्यामुळे आठवडाभर दोघं एकाच हॉलला दोन वाटांनी जाणार, हे निघतानाच ठरून गेलं.

सांगलीहून पेठ नाका, तिथून महामार्ग, कराड, सातारा, खंबाटकी. या रस्त्याबद्दल नवीन काही सांगण्यासारखं नाही. पुण्याला वळसा घालताना जो वेळ जातो तो गेलाच. एक्स्प्रेस वेला कारचे ३२० रुपये भरले आणि दुपारी चहाच्या वेळेला वाशी गाठली. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, हे सरांनी मला दोनदा सांगितलं. आम्हाला खाडी ओलांडायचीच नव्हती, पण गाडीच्या बाजूचा तो एक मुद्दा होता.

सरांनी मला वाशी स्टेशनला सोडलं. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर सिडकोचं प्रदर्शन केंद्र आहे. तिथे एकदा एका कृषी प्रदर्शनाला आले होते तेव्हा त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. या आठवड्यानंतर वाटतं. गाडीतून उतरलं, रस्ता ओलांडला, पोहोचलं, असा हॉल महामुंबईत फार दुर्मीळ आहे. वाशीहून ठाण्याला ट्रान्सहार्बर लोकल. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली करत ती ठाण्यात नऊ-दहा नंबरला लागते. तिथून पश्चिमेला यायचं तर सगळं स्टेशन पुलावरून ओलांडावं लागतं.

मावशीनं जेवताना माझा आठवडा हातात घेतला. ती मंत्रालयात नोकरीला होती. उभी नोकरी ठाणे ते व्हीटी अशी केली आणि अजूनही सीएसएमटी म्हणत नाही. मी नकाशा उघडून अंतरं सांगायला लागले तर म्हणाली, "किलोमीटर नको सांगू गं. कितीची लोकल धरणार ते सांग."

गुरुवार : पवई

पवईचा हिशेब मावशीनं असा मांडला : ठाण्याहूनच सुटणारी स्लो धर, म्हणजे बसायला मिळेल. फास्टच्या नादी लागू नको, ती कांजूरला थांबत नाही. मुलुंड, नाहूर, भांडुप आणि कांजूरमार्ग. उतरलीस की पश्चिम.

लेडीज डब्यात बसायला मिळालं आणि जेमतेम बूड टेकलं तोवर कांजूर आलं. खरा प्रवास पुढे. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळाली, मीटरवर. पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर. लाल बहादूर शास्त्री मार्ग ओलांडायचा तो गांधीनगरच्या चौकात. मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं आयआयटीचं मेन गेट. अंतर काहीच नाही, वेळ मात्र लोकलपेक्षा जास्त. रस्त्याच्या मधोमध मेट्रो सहाचे खांब उभे आहेत. लोखंडवाला ते विक्रोळी अशी ती धावायला लागेल तेव्हा पवईचं नशीब फळफळेल. सध्या पवईला त्या खांबांचीच सोबत आहे.

मुंबईची रेल्वे उत्तर-दक्षिण आहे. बेटाचा आकारच तसा, आणि कचेऱ्याही सगळ्या दक्षिणेच्या टोकाला होत्या, तेव्हा रूळ त्या बाजूला गेले. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो येईपर्यंत उपनगरांत रस्त्याशिवाय काही नव्हतं. पवई नेमकी मध्ये. मध्य रेल्वेही लांब, पश्चिम रेल्वेही लांब. देशभरातून लोक इथे परिषदांना येतात, विमानतळाहून टॅक्सीनं येतात, म्हणून त्यांना हे जाणवत नसेल.

गेटवर ओळखपत्र दाखवलं. आत कॅम्पस अफाट आहे आणि आतल्या आत फिरायला बस आहे, तिला तिथे सगळे टमटम म्हणतात. एका विद्यार्थ्यानं माझ्या गळ्यातल्या पिशवीकडे बघून न विचारताच सांगितलं, "कन्व्हेन्शन सेंटर ना? टमटम येईल आता." चालत गेलं तरी झाडीतून छान वाटतं, पण दहा वाजता हॉलमध्ये असायचं असेल तर टमटमच बरी.

सर तोवर आले नव्हते. वाशीहून ऐरोली पुलावरून मुलुंड, मग पूर्व द्रुतगती मार्ग, मग गांधीनगर, असे ते निघाले होते, साडेसातला. नोंदणीच्या टेबलावर मी त्यांचं किट घेऊन ठेवलं. पहिलं सत्र अर्धं झाल्यावर ते मागच्या रांगेत येऊन बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पार्किंग मात्र उत्तम आहे."

दुपारी जेवून आम्ही तलावाच्या बाजूला गेलो. पाण्याच्या धंद्यातल्या माणसांना पवई तलाव बघवत नाही. मुंबईला नळाचं पाणी मिळालं ते विहार तलावातून, १८६० मध्ये. तेही पुरेना म्हणून पुढे तीसेक वर्षांनी पवई बांधला. पण याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, जलपर्णीशी महापालिकेची लढाई दर वर्षी चालू असते. सर सांडव्याच्या दिशेनं हात करून म्हणाले, "हे जादा पाणी कुठं जातं सांग." विहार आणि पवई भरून वाहिले की त्यांच्या पाण्याची मिठी नदी होते. पवईहून मरोळ, साकीनाका, विमानतळाच्या धावपट्टीखालून, कुर्ल्याला वळसा घालून ती बीकेसीच्या कडेनं माहीमच्या खाडीत जाते. म्हणजे आमच्या गुरुवारच्या हॉलपासून शुक्रवारच्या हॉलपर्यंत थेट वाट होती, फक्त ती पाण्याची होती.

संध्याकाळी सरांच्या गाडीतून कांजूरपर्यंत आले. जे अंतर सकाळी रिक्षानं आले तेच. गांधीनगरच्या सिग्नलला इतके वेळ थांबलो की सरांनी इंजिन बंद केलं. मी उतरून चालायला लागले असते तर सरांना वाईट वाटलं असतं, म्हणून बसून राहिले.

शुक्रवार : बीकेसी

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नावातच दोन स्टेशनं आहेत आणि दोन्हींपासून ते दूर आहे. मिठीच्या काठची दलदल भरून एमएमआरडीएनं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, ते वसवलं, दक्षिण मुंबईवरचा कचेऱ्यांचा भार इकडे यावा म्हणून. कचेऱ्या आल्या, शेअर बाजार आला, हिरेबाजार आला, आणि २०२२ पासून जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरही आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन तिथेच भरलं होतं. बुलेट ट्रेनचं मुंबईतलं स्टेशनही इथेच, जमिनीखाली, होणार आहे. माणसं मात्र वर्षानुवर्षं वांद्र्याला किंवा कुर्ल्याला उतरून बस, शेअर रिक्षा नाहीतर पाय यांच्या भरवशावर इथे येत आली.

आमची परिषद तिथल्याच एका हॉटेलात होती. मी ठाण्याहून कुर्ल्याची फास्ट धरली. आज बसायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. घाटकोपर जाताच मागून आवाज, "कुर्ला उतरणार?" मी हो म्हटलं तर एका बाईनं माझी लॅपटॉपची पिशवी पाठीवरून काढून पुढे छातीशी लावायला सांगितली आणि स्वतःच्या पुढे मला उभं केलं. "हलू नका. गाडी थांबली की आपोआप उतरता." तसंच झालं. पायांना काही करावं लागलं नाही.

कुर्ला पश्चिमेला बाहेर आलं की बीकेसी, बीकेसी अशी हाक ऐकू येते. शेअर रिक्षांची रांग मोठी होती, बेस्टची कुर्ला-वांद्रे ३१० लागलेली होती, तिच्यात चढले. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये दुप्पट झालं, साध्या बसला दहा आणि एसीला बारा रुपये. बसमध्ये माझ्याशिवाय सगळे गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लावून. पुलावर मिठी लागली आणि बसमधल्या सगळ्यांनी एकदमच रुमाल काढले. काल पवईत जिला सांडव्याशी बघितली तीच ही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा याच नदीनं कुर्ला, कलिना आणि हे सगळं संकुल पाण्याखाली घातलं. परिषदेत शहरी पुरावर एक अख्खं सत्र होतं. भाषणं करणाऱ्यांपैकी किती जण त्या पुलावरून बसनं आले असतील, असा एक आगाऊ विचार माझ्या मनात येऊन गेला.

बसथांब्यापासून हॉटेल समोर दिसत होतं, पण आत कुठून जायचं ते कळेना. अशा हॉलांचं दार गाडीकडे तोंड करून असतं. उतार चढून गाडी येते, दार उघडतं, कुणी तरी नमस्कार करतं. पायी येणाऱ्यानं त्याच उतारावरून, गाड्यांच्या कडेकडेनं, सुरक्षारक्षकाच्या प्रश्नार्थक नजरेतून वर जायचं. रक्षक वाईट वागला असं नाही, त्यानं फक्त विचारलं, "मॅडम, ड्रायव्हर कुठे उतरवून गेला?"

वर लॉबीत सर कॉफी पीत बसले होते, माझ्या आधी पोहोचलेले आणि तजेलदार. आजचा दिवस त्यांचा होता. वाशीहून चेंबूर, पूर्व द्रुतगती मार्गावर चुनाभट्टी, तिथून २०१९ मध्ये झालेला बीकेसी कनेक्टर. हा उड्डाणपूल थेट संकुलात उतरवतो, सायनचा वेढा टळतो. "लवकर निघालं की झालं," सर म्हणाले. लवकर म्हणजे ते सव्वासातला निघाले होते आणि परिषद साडेनऊची होती, एवढा भाग त्यांनी गाळला.

येताना गाडी जिंकली तरी जाताना मेट्रो. सहा वाजता बीकेसीतले सगळे एकाच वेळी सुटतात. मी चालत मेट्रो तीनच्या स्टेशनात गेले. ही मेट्रो तुकड्यातुकड्यानं आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं आरे तेवढं जमिनीवर. तिकीट दहा रुपयांपासून सत्तरपर्यंत. जिने उतरत खाली जाताना आणखी एक खालचा मजला निघतो, आणखी एक निघतो. मिठी नदी या मेट्रोनं खालून ओलांडली आहे, बीकेसी आणि धारावी यांच्यामध्ये. मला मात्र उलट दिशेला जायचं होतं. सांताक्रूझ, विमानतळाची दोन टर्मिनलं, मग मरोळ नाका. तिथे भुयारातून वर, आणखी वर येऊन जुनी मेट्रो एक धरायची. पाताळातून निघून खांबांवरच्या फलाटावर येईपर्यंत सरकत्या जिन्यांचा हिशेब ठेवायचं मी सोडून दिलं. साकीनाका, असल्फा, जागृती नगर, घाटकोपर. घाटकोपरला गर्दी म्हणजे काय ते बघायचं असेल तर संध्याकाळी सातला या पुलावर उभं राहावं, अर्थात उभं राहू दिलं तर. मग लोकल, ठाणे.

कुर्ल्याच्या वाटेपेक्षा हा फेरा नकाशावर वेडावाकडा दिसतो. मी मावशीकडे चहा घेत होते तेव्हा सरांचा फोन आला, ते चुनाभट्टीच्या अलीकडे होते. उद्या गाडी काढणार का, असं मी विचारलंच नाही. तेच म्हणाले, "ते हार्बरनं गोरेगाव कसं जायचं, मावशींना विचार जरा."

शनिवार : गोरेगाव

नेस्को म्हणजे न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी. कारखान्याच्या जागेत प्रदर्शनाचे हॉल झाले. नवरात्रात तिथे गरबा, करोनात तिथे जम्बो कोविड केंद्र, एरवी यंत्रं, फर्निचर, औषधं, दागिने, काहीही. पश्चिम द्रुतगती मार्गाला लागून आहे, त्यामुळे ट्रकनं यंत्र आणणाऱ्याला उत्तम. ठाण्याहून येणाऱ्याला ते वर्षानुवर्षं दादरवरून वळसा होतं. मावशी तर गोरेगाव म्हटलं की दादर, असंच गृहीत धरून बोलत होती. मी तिला मेट्रोची वाट सांगितली तेव्हा तिनं कागदावर लिहून घेतली : घाटकोपर, मेट्रो एकनं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, तिथून पादचारी पुलानं गुंदवली, मेट्रो सातनं मोगरा, जोगेश्वरी पूर्व, गोरेगाव पूर्व.

शनिवार असल्यानं घाटकोपर माणसात होतं. मेट्रो सात हायवेच्या डोक्यावरून जाते. खाली गाड्या उभ्या, वर आपण खिडकीशी. गोरेगाव पूर्वला उतरून हायवेच्या पश्चिमेकडचा जिना धरला की नेस्कोच्या बाजूला येतो. एकूण तासाभरात पोहोचले. पण जिन्यावरून उतरल्यावर प्रवेशद्वारापर्यंतचं थोडकं अंतर सर्व्हिस रोडवरून, उभ्या टॅक्सी, डिलिव्हरीच्या मोटरसायकली आणि प्रदर्शनाचे फलक चुकवत. माझ्यापुढे दोन माणसं एका चाकाच्या ट्रॉलीवरून छोटा पंप नेत होती. त्यांचं चाक खड्ड्यात अडकलं तेव्हा आम्ही तिघं-चौघं हातभार लावून पुढे निघालो. पंप कुणाचा, कुठल्या स्टॉलचा, काही कळलं नाही.

सर वाशीहून हार्बरनं निघाले, वडाळा रोडला बदलून गोरेगावची लोकल घेतली आणि गोरेगावच्या आधीच राममंदिरला उतरले. राममंदिर हे स्टेशन २०१६ च्या डिसेंबरमध्ये झालं. कित्येक मुंबईकरांच्या डोक्यात अजून जोगेश्वरीनंतर गोरेगावच आहे. सरांना ही टीप बहिणीच्या सुनेनं दिली होती. हार्बर सावकाश जाते, पण शनिवारी वाशीहून बसायला मिळतं, आणि सरांनी वडाळ्यापर्यंत अख्खं वर्तमानपत्र वाचून काढलं होतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी राखून ठेवलेल्या जागा दिसल्या त्याचं त्यांना फार अप्रूप होतं. "वयाचा फायदा पहिल्यांदा झाला," म्हणाले.

प्रदर्शनात सहा-सात तास चाललो. परिषदांच्या प्रवासात हे कुणी धरत नाही, पण हॉलच्या आत पायांचं जे होतं ते बाहेरच्यापेक्षा जास्त असतं. एका हॉलमधून दुसऱ्यात, तिथून जेवणाच्या मंडपात. कोल्हापूर, इचलकरंजी, कोइमतूर, राजकोट, सगळ्यांचे पंप बघितले. सरांनी एका स्टॉलवर इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, धातूवरून पाऊण तास वाद घातला आणि तिथेच चहा प्यायले. शेवटी माझ्या पिशवीत इतकी पत्रकं झाली की परतीला मेट्रोच्या तपासणी यंत्रातून ती आडवी घालावी लागली.

बाहेर पडताना एका ओळखीच्या ठेकेदारानं अंधेरीपर्यंत गाडीतून सोडतो म्हणून फार आग्रह केला. सरांनी हायवेकडे एकदा बघितलं आणि हात जोडले.

रविवार : नरिमन पॉइंट

मुंबईत रविवारी कुठे जायचं असलं की आदल्या दिवशी एक चौकट वाचायची असते : मेगाब्लॉक. रुळांची, ओव्हरहेड वायरची कामं रविवारी दुपारी काढतात, तेवढा वेळ काही गाड्या रद्द, काही स्लो लाइनच्या फास्टवर, काही स्टेशनांना थांबा नाही. बाहेरगावच्या आयोजकांना हे माहीत नसतं आणि ते रविवारी अकराचं उद्घाटन ठेवतात. आमचं व्याख्यान साडेदहाचं, म्हणजे आयोजक मुंबईचेच.

ब्लॉक लागण्याआधी निघायचं ठरलं आणि मावशी म्हणाली, मीही येते. व्याख्यानात तिला रस नव्हता. तिला मेट्रो बघायची होती. इतकी वर्षं व्हीटीला उतरून ती मंत्रालयाकडे जाणाऱ्या शेअर टॅक्सीच्या रांगेत उभी राहिली, पावसात, उन्हात, बाळंतपणाची रजा संपवून आल्यावर. तीच वाट आता जमिनीखालून कशी जाते हे तिला बघायचं होतं.

रविवारी सकाळची फास्ट, खिडकी, समोर रिकामा बाक. सीएसएमटीला मेन लाइनच्या फलाटावरून मेट्रोकडे भुयारी वाट आहे. मावशी बाण वाचत पुढे आणि मी मागे. हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन. तिसऱ्या स्टेशनावर वर आलो तर चव्हाण सेंटर चालत काही मिनिटांवर. मावशीनं घड्याळ बघितलं. काही बोलली नाही, मग बरंच बोलली. "व्हीटीहून यायचो तर पावसाळ्यात पुऱ्या भिजून यायचो गं. साहेब म्हणायचे, छत्री नाही का आणली."

दक्षिण मुंबईचे हॉल जुने आहेत. चव्हाण सेंटर, एनसीपीए हे कलाकेंद्र, फोर्टमधली सभागृहं. ती बांधली तेव्हा माणसं चर्चगेटला किंवा व्हीटीला उतरणार हे धरूनच बांधली असावीत, इतकी ती पायवाटेशी नीट जोडलेली आहेत. फूटपाथ रुंद, वर झाडं, दार रस्त्याच्या पातळीला, दारावर फलक, आत पंखा. कुणी ड्रायव्हरबद्दल विचारत नाही. नंतरचे हॉल जागा मिळेल तिथे, हायवेच्या कडेला गेले, आणि आता मेट्रो त्यांच्या मागोमाग जाते आहे. एक बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते : रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे येत नाही. इकडे काळी-पिवळी टॅक्सी, किमान ३१ रुपये. सीएसएमटीहून एनसीपीएकडे जाणारी बेस्टची ११५ नंबरची बस आहे, तिच्यावर २०२३ पासून विजेवरची एसी डबलडेकर धावू लागली. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर व्याख्यान चुकलं तरी चालेल.

सर गाडीनं आले, आणि आज गाडीचा खरोखर विजय झाला. ईस्टर्न फ्रीवे रविवारी सकाळी मोकळा असतो, सिग्नल नाही. वाशीहून निघून पाऊण तासात ते नरिमन पॉइंटला होते. कचेऱ्या बंद, रस्त्याच्या कडेला गाडी लावायला जागाच जागा. ते इतके खूश होते की त्यांनी व्याख्यानाआधी आम्हाला मरीन ड्राइव्हवर एक चक्करही मारून आणली.

व्याख्यान संपून जेवणं झाली तेव्हा ब्लॉक चालूच होता. सरांनी मावशीला ठाण्याला सोडायची तयारी दाखवली. मावशीनं ऐकलं नाही. ब्लॉक साडेतीन-चारला उठतो, तोवर मी कफ परेडपर्यंत जाऊन येते, पुढचं एकच तर स्टेशन आहे, म्हणाली. मंत्रालयाच्या कोपऱ्यावर तिला सोडलं. तिनं सरांना शेवटचा सल्ला दिला : "पुढच्या वेळी गाडी वाशीला ठेवा. घरच्या माणसांनाही वापरायला मिळेल."

परतीला आम्ही शिवडीहून अटल सेतू धरला. २१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. कारला एका वेळचे २५० रुपये. मोटरसायकल, रिक्षा यांना बंदी. सर टोलचा आकडा ऐकून आधी कुरकुरले, मग चिर्ल्याला उतरून घड्याळ बघितल्यावर गप्प झाले. एक्स्प्रेस वेवर मुंबईकडे येणारी बाजू खच्चून भरलेली, रविवारची संध्याकाळ. आमची बाजू मोकळी.

घाट चढताना सरांनी आठवड्याचा खर्च तोंडी मांडला. पेट्रोल, टोल, पवईचं सकाळचं हुकलेलं सत्र, बीकेसीतून निघताना बसल्या जागी जाळलेला अर्धा तास. दुसऱ्या बाजूला माझी लोकल, मेट्रो आणि रिक्षाची तिकिटं. मी आकडे सांगत गेले आणि ते मान हलवत गेले.

"बरं," ते म्हणाले, "पुढच्या वेळी गाडी वाशीपर्यंत. पुढं तुझ्या मावशीच्या हिशेबानं."

"आणि काम रविवारी असेल तर?"

"रविवारी मी कुणाचं ऐकत नाही."